बिबट्या की चित्ता? रंग लावण्याआधी कळलं पाहिजे

गावाकडे बिबट्याला सरसकट वाघ म्हणतात आणि शहरातल्या व्हॉट्सॲपवर त्याच बिबट्याचा चित्ता होतो. बोलण्यात हे खपून जातं. शिल्पात खपत नाही. पॉलिमर क्लेचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या कृत्रिम मातीचे, छोटे प्राणी करणाऱ्यांचा नेहमीचा घोटाळा असा: अंगाने बिबट्या घडवायचा, त्यावर भरीव ठिपके काढायचे आणि खाली ‘चित्ता’ अशी चिठ्ठी लावायची. बघणाऱ्याला कुठेतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. खटकतो तो सांगाडा. ठिपके सगळ्यात शेवटी येतात. हे दोन प्राणी वेगळे होतात ते आतल्या सांगाड्याची तार वाकवतानाच.

पुढची सगळी मापं १:१२ या प्रमाणातली आहेत, म्हणजे खऱ्या प्राण्याचा एक फूट तो आपला एक इंच. बाहुलीघरांचं हेच प्रमाण असल्याने झाडं, दगड, कुंपण असं सामान तयार मिळतं.

भारतीय बिबट्याचा नर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण १३५ सेंटिमीटर धरला तर आपल्याकडे तो ११ सेंटिमीटरचा होतो. चित्ताही लांबीला जवळपास तेवढाच, १०.८ सेंटिमीटर. फसगत होते ती इथेच, कारण लांबी सारखी म्हणून बाकीचंही सारखं धरलं जातं. खांद्याची उंची बघा. बिबट्या ५.४ सेंटिमीटर, चित्ता ६.७. उलट शेपूट बिबट्याची मोठी, ७ सेंटिमीटर. चित्त्याची ६ च्या आत. डोकं बिबट्याचं २० मिलिमीटर लांब, चित्त्याचं १६. थोडक्यात, चित्ता उंच, हलका आणि लहान डोक्याचा. बिबट्या बुटका, भरलेला आणि मोठ्या जबड्याचा.

कागदावर दोघांची बाजूची आकृती याच मापात काढा आणि एक रेघ आवर्जून मारा: छातीच्या खालच्या कडेची. बिबट्यात खांद्यापासून या रेघेपर्यंत २६ मिलिमीटर आणि तिथून जमिनीपर्यंत २८, म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे. चित्त्यात छाती २७ आणि खाली दिसणारा पाय ४०. छातीची खोली जवळजवळ तेवढीच, फरक सगळा पायात. कंबर मात्र उलट्या टोकाची. बिबट्याचं पोट मागे जाताना थोडंच वर चढतं, तिथे २१ मिलिमीटर ठेवा. चित्त्याची कंबर १५ वर आणा, शिकारी कुत्र्यासारखी. नवख्याचा हात इथे कचरतो आणि १८-१९ वर थांबतो. मग तो चित्ता जेवून आल्यासारखा दिसतो.

आता तार. पाठीचा कणा आणि शेपूट मिळून २२ सेंटिमीटरचा एकच तुकडा, पुढच्या दोन पायांसाठी १८ चा आणि मागच्यांसाठी २० चा. प्रत्येक पंजाखाली दीड सेंटिमीटर तार मोकळी राहू द्या. तीच पुढे लाकडी पाटावर भोकात बसते. बिबट्याला १८ गेजची ॲल्युमिनियमची तार चालते. चित्त्याला चालत नाही. त्याच्या मनगटाखाली पाय ४ मिलिमीटरच जाड असतो. १८ गेजची तार सव्वा मिलिमीटरची, म्हणजे दोन्ही बाजूंना क्ले दीड मिलिमीटरही राहत नाही, आणि बारीक ॲल्युमिनियम घ्यावं तर ते वजनाने वाकतं. म्हणून चित्त्याच्या पायांना २० गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार घ्या. ती जेमतेम ०.९ मिलिमीटर आणि ताठ असते. हार्डवेअरच्या दुकानातली काळी बांधणीची तार स्वस्त म्हणून घेऊ नका. ती मऊ असते आणि उभा राहिलेला प्राणी हळूहळू गुडघे टेकतो.

गुळगुळीत तारेवर क्ले फिरते, धरत नाही. तारेला फेविकॉलचा पातळ हात देऊन पूर्ण वाळवा, मग क्ले चढवा. धड भरायला ॲल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगळून लावा, शेवटच्या पृष्ठभागापेक्षा ३ मिलिमीटर आत राहील इतकंच. बिबट्यात हे फॉइल छातीपासून ढुंगणापर्यंत सलग चालतं. चित्त्यात फक्त छातीत आणि पुठ्ठ्यात; कंबरेत नुसती तार. तिथे फॉइल घातलं की १५ मिलिमीटरची कंबर हातातून गेलीच म्हणून समजा.

डोक्याला वेळ द्या. बिबट्याचं डोकं बाजूने पाहिलं तर लांबट, कपाळ हळू उतरणारं, गालाचे स्नायू बाहेर आलेले, आणि मान जवळजवळ डोक्याएवढीच रुंद. चित्त्याचं डोकं गोल. कपाळ उंच घुमटासारखं, तोंड आखूड, डोळे वर आणि समोर, कान बुटके आणि एकमेकांपासून लांब. मान बारीक, मानेवर थोडे राठ केस. दोघांच्याही डोळ्यांतल्या बाहुल्या गोल करा. घरच्या मांजराचा फोटो समोर ठेवून उभी चीर काढणारे बरेच आहेत आणि त्या एका रेघेने पूर्ण शिल्प बोक्याचं होतं.

पंजे छोटे असले तरी जाणकार आधी तिथेच बघतो. बिबट्याची नखं चालताना आत ओढलेली असतात, त्यामुळे पंजा गोल, गादीसारखा, आणि नख एकही दाखवायचं नाही. चित्त्याच्या नखांना ते कातडी आवरण नसतं. ती बाहेर दिसतात, कुत्र्यासारखी. पंजाही अरुंद. अर्ध्या मिलिमीटरची नखं क्लेची करत बसू नका, भाजताना टिकली तरी हाताळताना उडतात. ब्रशचा जाड काळा केस कापून सुपरग्लूने चिकटवा, पण सगळं भाजून झाल्यावरच.

भाजण्याचं तापमान पाकिटावर लिहिलेलं असतं, ब्रँडप्रमाणे ११० ते १३० अंश सेल्सियस. ओटीजीच्या (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनच्या) बटणावर विश्वास ठेवू नका. त्यावरचे १३० आत १५० असू शकतात. पैसे वाचवण्यापेक्षा आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या. क्ले जळली तर तपकिरी पडते आणि तिचा धूर घशाला झोंबणारा, घातक असतो. खिडकी उघडी हवी. मायक्रोवेव्हमध्ये हे काम होत नाही. कमी भाजलेली क्ले दिसायला ठीक असते पण ठिसूळ राहते, आणि चित्त्याचा पाय घोट्यात कट्‌कन तुटतो.

दोन टप्प्यांत भाजणं बरं. आधी पाय आणि धडाचा गाभा, मग वरचं कातडं आणि डोकं. गरम असताना क्ले मऊ असते, म्हणून चित्त्याच्या पोटाखाली फॉइलचा गोळा टेकू म्हणून ठेवा आणि ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. मागच्या पायाच्या कोनात, जिथे तार वाकते, तिथे हमखास तडा जातो. कारण वाकलेली तार कातड्याजवळ सरकलेली असते आणि तिथे क्लेचा थर पातळ पडतो. त्याच क्लेने तडा भरा, पुन्हा १५ मिनिटं भाजा. केसांच्या रेघा सुईने, नाकाकडून शेपटीकडे, मिलिमीटरभर लांब आणि जेमतेम दिसतील इतक्याच. खोल ओढल्या की अस्वल होतं.

इथे थांबून एक परीक्षा घ्या. रंग न दिलेलं शिल्प दिव्यासमोर धरा आणि भिंतीवरची सावली बघा. सावलीवरून नाव सांगता येत नसेल तर रंगाचा डबा उघडू नका.

रंगात बिबट्या जास्त कष्टाचा. त्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे फुलं: मधे अंगापेक्षा किंचित गडद पिवळट-तपकिरी डाग, भोवती काळ्याच्या दोन ते चार तुटक पाकळ्या. म्हणून आधी सगळे मधले डाग काढा, ४ ते ६ मिलिमीटरचे, वाळू द्या, मगच पाकळ्या. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक फुलात रंग भरत बसावं लागतं. पाकळ्या जोडून पूर्ण कडं झालं की छापील कापड दिसतं, आणि कड्यात मधे काळा ठिपका पडला तर तो दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार. फुलं फक्त पाठीवर, कुशीवर, पुठ्ठ्यावर. डोक्यावर, मानेवर आणि पायांवर भरीव ठिपके येतात. यामुळेच नुसता चेहऱ्याचा फोटो पाहून काम करणारा चुकतो. कानाची मागची बाजू काळी, त्यात पांढरा ठिपका. काळा बिबट्या करायचा असेल तर पूर्ण काळा फासू नका. गडद चॉकलेटी अंगावर काळी फुलं काढा, तिरप्या उजेडात ती खऱ्यासारखी उमटतात.

चित्त्याचे ठिपके भरीव आणि गोल, खऱ्या अंगावर जवळपास २ हजार. आपल्या मापात कुशीवर २ ते अडीच मिलिमीटर, चेहऱ्याकडे आणि पायांकडे बारीक होत एक मिलिमीटर. टूथपिकचं टोक थोडं घासून बोथट केलं की छान ठिपका उठतो. फक्त ओळीत टेकत जाऊ नका. दोघांसाठीही शुद्ध काळा वापरू नये. त्यात थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) घातला की रंग अंगात बसतो. चित्त्याची खूण म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकाशेजारून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी काळी रेघ, जणू काजळ ओघळलंय. सरळ पट्टी मारू नका, किंचित बाहेर झुकवा. शेपटीच्या शेवटच्या भागात काळी कडी, बहुतेकदा टोकाला पांढरा गोंडा, आणि तो भाग थोडा चपटा. बिबट्याची शेपूट गोल, टोकाशी वर वळलेली, खालून पांढरी.

मांडणीत बिबट्याला फांदीवर चारही पाय लोंबकळत झोपवता येतं, किंवा जुन्नरकडच्या उसात दबकून उभं करता येतं. चित्त्याला तसं झोपवू नका. त्याला उघडं माळरान, सुकं गवत आणि लांबवर बघणारी मान द्या. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला, त्यामुळे ‘आपल्याकडचा’ चित्ता करायचा तर दोन काळ मोकळे आहेत. एक संस्थानी: कोल्हापूरसारख्या संस्थानांत काळविटाच्या शिकारीसाठी पाळलेला, डोळ्यांवर झापड, गळ्यात पट्टा. दुसरा १७ सप्टेंबर २०२२ नंतरचा, नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणलेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर दाखवावी लागेल.

आणि चित्ता करताना तो जाड झालाच तर? पातळ करायला तासू नका, थोडं आत गेलं की तार किंवा फॉइल लागतं. त्याचा बिबट्या करा. मान आणि जबड्यावर क्ले चढवा, पोट भरा, शेपूट लांबवा, पुन्हा भाजा. लांब पायांचा प्रश्न उरतो. पाटावर सेंटिमीटरभर उंच गवत लावा आणि पंजे त्यात बुडवा.