पंचकार्ड ते चर्मपत्र : मध्ययुग ऑनलाइन कसं आलं

२०२० मध्ये वर्ग एकाएकी पडद्यावर गेले, तेव्हा मध्ययुगीन युरोपचा इतिहास आणि साहित्य शिकवणाऱ्यांच्या हाताशी साधनांचा मोठा साठा आधीपासूनच होता. त्याचं मूळ इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे. १९४९ मध्ये रोबेर्तो बुसा हे इटालियन जेझुइट धर्मगुरू आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटायला गेले. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या लॅटिन लेखनाची त्यांना शब्दसूची करायची होती आणि शब्द होते कोटीच्या वर. मिलानजवळच्या गालाराते गावात तरुण मुली पंचकार्डांना, म्हणजे यंत्राला मजकूर वाचता यावा म्हणून वापरायच्या जाड कार्डांना, भोकं पाडत बसल्या. पुढे सूचीचे ५६ खंड निघाले. नाव बुसांचं झालं. त्या मुलींची आठवण अगदी अलीकडे काढली जाऊ लागली.

शब्दसूची संशोधकाच्या कामाची. वर्गाला वाचायला उतारे हवेत. ती सोय १९९०च्या दशकात झाली. १९९४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाचं ‘लॅबिरिंथ’ हे मध्ययुगाविषयीचं संकेतस्थळ आलं, १९९६ मध्ये फोर्डम विद्यापीठात पॉल हॅल्सॉल यांनी मध्ययुगीन साधनांचा मोफत संग्रह उभा केला. पण नवी भाषांतरं प्रकाशकांच्या हक्कात अडकलेली. म्हणून जालावर चढली ती बरीचशी शंभरेक वर्षांपूर्वीची, प्रताधिकार (कॉपीराइट) संपलेली. बाराव्या शतकातला इतिवृत्तकार विद्यार्थ्यांशी व्हिक्टोरियन इंग्रजीत बोलू लागला! अभ्यासक्रमात काय घ्यायचं, हे शिक्षकाइतकंच प्रताधिकाराच्या मुदतीनंही ठरवलं, असं मला वाटतं. त्याची चर्चा मात्र कमीच होते.

खरी मजा मूळ हस्तलिखितांची चित्रं आल्यावर सुरू झाली. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. १७३१ मध्ये लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत तिच्या कडा होरपळल्या आणि मग झडू लागल्या. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक पान कागदी चौकटीत बसवलं गेलं. पान बचावलं, पण काठावरची अक्षरं चौकटीखाली गेली. १९९३ पासून केव्हिन किअरनन आणि ब्रिटिश लायब्ररीनं पानांमागून प्रकाशतंतूचा (फायबर ऑप्टिकचा) उजेड टाकून छायाचित्रं काढली आणि दडलेली अक्षरं उमटली. हे पान पडद्यावर मोठं करून दाखवलं, की ‘संपादकानं इथे हाच शब्द का घेतला?’ हा प्रश्न विद्यार्थीच विचारतात.

पुढे वेग वाढला. २००५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘ई-कोडिसेस’ हे हस्तलिखितांचं संकेतस्थळ सुरू झालं. मग चित्रं जालावर दाखवण्याच्या ‘ट्रिपल आय एफ’ या सामाईक मानकामुळे वेगवेगळ्या ग्रंथालयांतली पानं एकाच खिडकीत शेजारी ठेवता येऊ लागली. केंब्रिजच्या पार्कर ग्रंथालयाचा हस्तलिखितांचा जालसंग्रह आधी वर्गणीदारांपुरता होता, तो २०१८ मध्ये सर्वांना खुला झाला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. तिथल्या हस्तलिखितांची चित्रं कित्येक महिने दिसेनाशी झाली आणि वर्षानुवर्षं पाठात दिलेले दुवे रिकाम्या पानावर जाऊन थांबू लागले.