माक्याच्या तेलातनं कॅप्सूल कशी निघाली

गेल्या महिन्यात भाचा आला खानापूरहून. वय चोवीस, आल्या आल्या टोपी काढली आणि डोकं पुढं केलं, "मामा, बघ की, पुढनं सगळं गेलं." मग बॅगेतनं एक डबी काढली. साठ कॅप्सूल, हिरवं झाकण, वर पानाचं चित्र. कुणीतरी मोबाईलवर जाहिरात बघितली आणि मागवली, दोन महिने झाले खायलाय. मला विचारतोय की हे हर्बल खरंच लागू पडतंय का.

चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. भृंगराज, आवळा, जटामांसी, मेथी, मग सॉ पाल्मेटो, आणि शेवटाला बायोटिन, झिंक, सेलेनियम. पहिली चार नावं आपल्या घरातली, पाचवं अमेरिकेतलं, आणि शेवटची तीन झाडपाल्याची नव्हेतच. एवढ्याशा डबीत हे सगळे पाहुणे एकत्र कसे काय आले, हे बघितल्याशिवाय भाच्याला उत्तर देता येणार नाही असं वाटलं, म्हणून हे लिहायला बसलो.

भृंगराज म्हणजे आपला माका, कन्नडवाले गरुग म्हणतात. भाताच्या बांधाला, पाटाच्या कडेला, जिथं पाय ओला होतो तिथं उगवतो, बटणाएवढी पांढरी फुलं. आमची आज्जी पावसाळा सरला की टोपलीभर उपटून आणायची, पाट्यावर वाटायची, तिचे तळवे हिरवे दिसायचे आणि थोड्या वेळानं काळे पडायचे, दोन दिवस जायचं नाही ते. रस पिळून खोबरेल तेलात घालून लोखंडी कढईत मंद जाळावर ठेवायची. तेल झालं का बघायला कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. तडतडली म्हणजे पाणी आहे अजून, गप जळली म्हणजे उतरवा. ही वातीची परीक्षा वैद्यांच्या तेल काढायच्या पद्धतीतलीच आहे, पण आज्जीनं काही ग्रंथ वाचला नव्हता, तिला तिच्या सासूनं शिकवलं. आणि एक गोष्ट आत्ता आठवतेय, या तेलानं केस उगवतात असं ती कधी बोललेली मला आठवत नाही. "डोकं थंड राहतंय, झोप लागतीय" एवढंच. गुंता होत नाही, उवा कमी दिसतात, बास.

आता ग्रंथांत काय आहे. आयुर्वेदात केस जाण्याला खालित्य, इंद्रलुप्त अशी नावं आहेत, पिकण्याला पालित्य. सुश्रुतात याचं कारण दिलंय ते असं की वातासोबत पित्त केसाच्या मुळाशी जाऊन केस पाडतं आणि मग रक्तासह कफ ती भोकं बुजवतो, म्हणून पुन्हा केस येत नाहीत. त्या काळाच्या मानानं निरीक्षण चांगलंय, केस पडणं वेगळं आणि पुन्हा न उगवणं वेगळं हे त्यांनी ओळखलं होतं. पण उपाय बघा, डोक्याला तेल, लेप, नाकात थेंब म्हणजे नस्य, मुळाशी टोचून रक्त काढणं. मुख्य भर वरनं. पोटात घ्यायचं काही नाहीच असं नव्हे, शरीर शुद्ध करायची औषधं आहेत, रसायनं म्हणजे ताकद वाढवायची औषधं आहेत, आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात माक्याचा रस महिनाभर रोज प्यायचा आणि दुधावर राहायचं असाही श्लोक आहे. पण त्या श्लोकात फळ काय सांगितलंय, तर बळ, वीर्य आणि शंभर वर्षं आयुष्य. केसांचा तिथं पत्ता नाही! म्हणजे "पाच हजार वर्षांची परंपरा" असं डबीवर छापतात ती परंपरा जी काय आहे ती मुख्यतः तेलाची आणि लेपाची आहे, रोज जेवणानंतर एक कॅप्सूल ही नाही.

टक्कलाची चिंता काय आपल्यालाच होती असं नाही म्हणा. इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये, इसवीसनापूर्वी १५५० च्या आसपासचा कागद तो, पाणघोडा, मगर, मांजर, साप यांची चरबी डोक्याला लावायला सांगितलीय. त्यापेक्षा आज्जीचा माका बरा.

घरातलं तेल बाटलीत गेलं ते एकोणिसाव्या शतकात. पनवेलला धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ साली सुरू झाला आणि वैद्याची पुडी कारखान्यात बनायला लागली. केशतेलाच्या बाबतीत मात्र कलकत्तावाले पुढं, जबाकुसुम १८७८ चं, आणि एच. बोस यांचं कुंतलीन. या कुंतलीनवाल्यांनी १८९६ ला गोष्टींची स्पर्धाच काढली, अट एकच की गोष्टीत तेलाचं नाव यायला पाहिजे पण जाहिरात वाटता कामा नये. पहिलं बक्षीस कुणाला? जगदीशचंद्र बोसांना, तेच झाडांच्या संवेदनेवाले शास्त्रज्ञ. त्यांच्या गोष्टीत केसांच्या तेलाची बाटली समुद्रात ओतली आणि वादळ शांत झालं. आज इन्फ्लुएन्सर लोक रील करतात त्यांचे पणजोबा म्हणायचे हे, फक्त हे जरा जास्त शिकलेले होते.

मग पोटातली गोळी आली कुठून? तर ती आली प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते त्या ग्रंथीच्या वाटेनं, आणि ही वाट जरा सावकाश सांगायला पाहिजे कारण सगळी गंमत इथंच आहे.

हिप्पोक्रेटिसनं फार पूर्वीच लिहून ठेवलंय की खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकानं ते पद्धतशीर दाखवलं, वृषणं काढलेल्यांना टक्कल पडत नव्हतं, पण त्यातल्या ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिलं की पडायचं. म्हणजे हार्मोनही पाहिजे आणि वारसाही पाहिजे. पुढं १९७४ ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास छापून आला, त्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी हे जास्त जोरदार हार्मोन करणारं एन्झाइमच जन्मतः कमी, त्यांची प्रोस्टेट लहान राहते आणि पुरुषी टक्कल पडत नाही. तिथनं कल्पना सुचली की हे एन्झाइम औषधानं दाबता येईल. फिनास्टराइड १९९२ ला प्रोस्टेटसाठी मंजूर झालं, ५ मिलिग्रॅम, आणि १९९७ ला तेच १ मिलिग्रॅममध्ये केसांसाठी. मिनॉक्सिडिलची गोष्ट वेगळी, ती बीपीची गोळी होती, खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून १९८८ ला डोक्याला लावायचं औषध झालं.

आता सॉ पाल्मेटो. फ्लोरिडाकडं उगवणारं बुटकं ताडाचं झाड, त्याच्या फळांचा अर्क प्रोस्टेट वाढलेले म्हातारे लोक आधीपासनं घेत होते. मग कुणीतरी हिशोब मांडला, फिनास्टराइड प्रोस्टेटला चालतं आणि केसांनाही चालतं, सॉ पाल्मेटो प्रोस्टेटला चालतं, म्हणजे केसांनाही चालणार. त्यात १९९४ ला अमेरिकेत सप्लिमेंटचा कायदा असा झाला की बाजारात आणण्याआधी गुण सिद्ध करून दाखवायची गरजच राहिली नाही. दारं सताड उघडी. पण हिशोबाचा पहिलाच पाय लंगडा निघाला. २००६ ला २२५ पुरुषांवर आणि २०११ ला ३६९ पुरुषांवर, या वेळी तिप्पट डोसपर्यंत, नीट प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी, ठेवून चाचण्या झाल्या आणि सॉ पाल्मेटो प्रोस्टेटच्या त्रासालाच त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

केसांवर सरळ चाचणी म्हणाल तर इटलीतली २०१२ ची आहे, १०० पुरुष, दोन वर्षं, फिनास्टराइडवाल्यांत ६८ टक्क्यांना फरक आणि सॉ पाल्मेटोवाल्यांत ३८ टक्क्यांना. जाहिरातवाले ३८ तेवढे उचलतात. पण त्यात प्लासिबोचा गटच नव्हता आणि कोण काय खातंय हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं त्या ३८ मधले किती आपोआप बरे झाले हे कळायला मार्ग नाही. त्यातल्या त्यात बरी चाचणी कोरियातली, २०१४, भोपळ्याच्या बियांचं तेल, ७६ पुरुष, सहा महिने. तेल घेणाऱ्यांचे केस ४० टक्के वाढले आणि प्लासिबोवाल्यांचे १०. बघायला झकास, पण त्या कॅप्सूलमध्ये भोपळ्यासोबत बाकीचे पण पदार्थ होते आणि एवढ्याशा लोकांवरची एकच चाचणी. आणि माका? त्याच्यावर उंदरांवरचे प्रयोग आहेत, पाठीची लव काढून अर्क लावला तर केस लवकर आले असे. लावला, हे लक्षात घ्या. उंदराच्या पाठीला लावलेलं आणि आमच्या भाच्याच्या पोटात गेलेलं एकच कसं होईल? इराणमध्ये २०१५ ला १०० जणांवर रोजमेरीचं तेल २ टक्के मिनॉक्सिडिलच्या बरोबरीनं उतरलं, पण तेही लावायचंच.

तरी लोकांना गुण येतो ना, असं तुम्ही म्हणाल. येतो की. आमच्याकडं बाळंतिणीचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठभर जातात, मग आज्जीचं तेल सुरू व्हायचं, बाळ वर्षाचं होईस्तोवर केस परत, आणि सगळं श्रेय कढईला. टायफॉइड, डेंग्यू झाला की तेच, कोरोनात तर घराघरात बघितलंय. १९६१ ला अल्बर्ट क्लिगमननी या प्रकाराला टेलोजन इफ्लुव्हियम नाव दिलं, ताप किंवा मोठा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात, दोनतीन महिन्यांनी गळतात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात. आता माणूस कॅप्सूल कधी घेतो? गळती सगळ्यात जास्त असते तेव्हा. तिथनं पुढं कमीच होणार, गोळी खा नाहीतर चुरमुरे खा. मात्र घराण्यातलं टक्कल असं परत येत नाही, आणि डबी दोघांना एकच विकतात.

राहिली ती तीन, बायोटिन, झिंक, सेलेनियम. शरीरात कमी असेल तर दिल्यानं फायदा, नसेल तर बायोटिनचा उपयोग एवढाच की रक्ताच्या तपासण्या चुकतात, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१७ ला तसा इशारा दिलाय, हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन तपासणीसकट. सेलेनियम तर उलटंच, जास्त झालं की केस जातात. २००८ ला अमेरिकेत एका सप्लिमेंटमध्ये चुकून फार जास्त पडलं, २०० वर लोकांना बाधा झाली, त्यातल्या बहुतेकांचे केस गळाले. आणि बुलढाण्याकडं शेगाव तालुक्यात २०२४ च्या शेवटी गावंच्या गावं टकली व्हायला लागली होती ते टीव्हीवर बघितलं असेल, तिथंही तपासात सेलेनियम जास्त सापडलं.

आपल्याकडं या धंद्यात मोठा पैसा आला तो २०१५ ला. एकाच वर्षात इमामीनं केश किंग १,६५१ कोटींना घेतलं आणि हिंदुस्तान युनिलिव्हरनं केरळचं इंदुलेखा ३३० कोटींना. मग म्हैसूरजवळच्या हुणसूरकडचे हक्की-पिक्की लोक, पूर्वी पक्षी धरणारे, त्यांचं आदिवासी तेल रीलवरनं देशभर गेलं. कायद्याचं म्हणाल तर १९४५ च्या ड्रग्ज रूल्समध्ये शेड्यूल "जे" (J) म्हणून यादी आहे, जे रोग बरे करतो असा दावा औषधानं करायचा नाही त्यांची, त्यात टक्कल आहे. म्हणून डबीवर "टक्कल जातं" असं सापडणार नाही, "केसांच्या आरोग्यास मदत" असं गुळमुळीत असतं. भाच्याच्या डबीवर पण तेच.

बेळगावात बसून हे लिहिताना एक बरं वाटतं. शहापूरला केएलईचं आयुर्वेद कॉलेज १९३३ पासनं आहे आणि नेहरूनगरात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, २००६ ला सुरू झालेली. माका तपासायला दिल्लीला जायला नको, खानापूरचा बांध आणि प्रयोगशाळा एकाच जिल्ह्यात आहेत.

भाच्याचे आजोबा टकले, वडील टकले, त्याला ताप-बिप काही झालेला नाही. त्याला स्किनवाल्या डॉक्टरकडं घेऊन गेलो, त्यांनी लावायचं मिनॉक्सिडिल लिहून दिलं, बंद केलं की परत जाणार हे सांगितलं, आणि फिनास्टराइडचे काही जणांना होणारे त्रास सांगून विचार करून ये म्हणाले. डबी तो माझ्याकडंच टाकून गेला. रात्री बहिणीचा फोन आला, मी सगळं सांगितलं, पाल्मेटो काय, सेलेनियम काय, तिनं निवांत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं मग उरलेल्या टाकू नकोस दादा, शनिवारी बाजारला येणार आहे मी, घेऊन जाते, माझे पण लई गळायलेत."