हर्शेलची ४० फुटी, रॉसची ७२ इंची: दुर्बिणींच्या मापातला घोळ

‘विल्यम हर्शेलने ४० फुटांचा आरसा घडवला’ हे वाक्य अजूनही छापून येतं. ४० फूट म्हणजे १२ मीटर! हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीचा आरसा आजही १० मीटरचा आहे, आणि तोही ३६ तुकडे जोडून केलेला. अठराव्या शतकातल्या या खगोलशास्त्रज्ञाला धातू ओतून १२ मीटर कुठून साधणार?

४० फूट हे आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे ढोबळमानाने नळीची लांबी. आरसा ४८ इंचांचा. याउलट आयर्लंडमधल्या बर कॅसलच्या आवारातली लॉर्ड रॉस यांची दुर्बीण ‘७२ इंची’, आणि हा आकडा थेट आरशाच्या व्यासाचा. तिचं नाभीय अंतर सुमारे ५४ फूट. जुन्या पद्धतीने तिलाही ‘५४ फुटी’ म्हणता आलं असतं.

प्रकाश किती गोळा होणार हे आरशाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा. ७२ भागिले ४८ म्हणजे दीड, त्याचा वर्ग सव्वादोन. रॉसची दुर्बीण हर्शेलच्या सव्वादोन पट प्रकाश गोळा करणार. लांबीने फक्त प्रतिमेचा आकार वाढतो. २ इंच नाभीय अंतराची नेत्रिका (डोळ्यापाशी लावायचं भिंग) लावली तर हर्शेलकडे २४० पट वर्धन मिळेल, रॉसकडे ३२४ पट. लांबी वाढवून अंधुक तेजोमेघ उजळ होत नाही; उलट पसरून फिका पडतो.

मग लांबीची मिरवणूक का? सतराव्या शतकात एकेरी भिंगातून दिसणाऱ्या प्रतिमेभोवती रंगांच्या कडा दिसत, आणि त्यावर उपाय एकच होता: भिंग कमी वक्र घासून नाभीय अंतर वाढवायचं. डच हायगेन्स बंधूंच्या एका भिंगाचं नाभीय अंतर १२३ फूट होतं आणि व्यास जेमतेम साडेसात इंच. लांबी सांगायची तीच सवय आरशांच्या दुर्बिणींनाही चिकटली. हर्शेलच्या ‘२० फुटी’चा आरसा १८.७ इंचांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी नायगमवालांच्या हाताखाली असलेली ग्रब कंपनीची दुर्बीण मात्र ‘२० इंची’. आकडा तोच, एकक वेगळं, आणि आरसे जवळपास सारख्याच मापाचे. त्यामुळे जुन्या दुर्बिणीबद्दल लिहिताना आधी व्यास द्या, लांबी नंतर.

युरेनस, म्हणजे आपला हर्षल, ४० फुटीतून सापडला ही दुसरी लोणकढी. तो सापडला १७८१ मध्ये, इंग्लंडमधल्या बाथला, ७ फुटी दुर्बिणीतून; तिचा आरसा ६.२ इंचांचा. ४० फुटी पुरी झाली १७८९ मध्ये, स्लाउला. तिच्या नावावर शनीचे एन्सेलॅडस आणि मिमास हे चंद्र आहेत. हर्शेलचं बहुतेक काम मात्र हाताळायला सोप्या २० फुटीवरच झालं, आणि चांगली दुर्बीण तीच. एम ५१ या दीर्घिकेची सर्पिल रचना रॉस यांनी १८४५ मध्ये पाहिली.

खर्च, राजाची मदत वगैरे तपशील कुठेही मिळतील. जडणीतला फरक मात्र महत्त्वाचा. ४० फुटीचा अख्खा लाकडी सांगाडा गोल रुळावर फिरे. रॉसची नळी दोन दगडी भिंतींमध्ये अडकलेली, त्यामुळे मध्यमंडलाजवळ, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ, आलेली वस्तूच दिसे, तीही तासाभरापुरती.

आरसे दोन्हीकडे स्पेक्युलम धातूचे: साधारण दोन भाग तांबं, एक भाग कथील. कथील वाढलं की ओतीव ठिसूळ होऊन तडकतं, तांबं वाढलं की आरसा लवकर काळवंडतो. ताजा घासलेला असला तरी जेमतेम ६० ते ६५ टक्के प्रकाश परत फेकतो. म्हणून हर्शेलने दुसरा आरसा गाळून टाकला, मुख्य आरसा किंचित कलता बसवला आणि नळीच्या तोंडाशी उभं राहून थेट पाहिलं. रॉस यांनी दुसरा आरसा ठेवला आणि तेवढा प्रकाश गमावला.

पुढे आलेल्या काचेच्या आरशांवरची चांदी धुऊन पुन्हा चढवता येते, काचेचा आकार तसाच राहतो. स्पेक्युलमला ती सोय नाही. काळिमा काढायला घासलं की पृष्ठाचा वक्राकारच बिघडतो आणि तो पुन्हा पहिल्यापासून साधावा लागतो. रॉस यांनी म्हणूनच ७२ इंची आरसे दोन करून घेतले: एक नळीत, दुसरा पॉलिशला.