मुद्देमालातला मोबाइल

समजा, सावद्याच्या एका केळी उत्पादकाने बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्याला तीन गाड्या माल भरून दिला. भाव फोनवर ठरला, वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेले, ‘आठ दिवसांत टाकतो’ असा मेसेज आला आणि नवव्या दिवसापासून व्यापाऱ्याचा नंबर बंद. गुन्हा दाखल झाला, मधला दलाल सापडला, त्याचा फोन जप्त झाला. फोनमधलं सगळं संभाषण मात्र पुसलेलं. हे उदाहरण कल्पित असलं, तरी रावेर-यावल पट्ट्यात कुणाला ते नवलाचं वाटणार नाही.

इथून पुढचं काम सरकारी डिजिटल न्यायवैद्यक तज्ज्ञाचं. महाराष्ट्रात ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाच्या सायबर विभागांकडे जातं. मुख्यालय मुंबईत कलिन्याला, आणि उत्तर महाराष्ट्राची प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकला, म्हणजे सावद्याहून अडीचशे किलोमीटरपेक्षा लांब. लोकांची समजूत अशी की हा माणूस पुसलेलं परत आणतो. कधीकधी आणतोही. पण त्याच्या कामाचा मोठा भाग वेगळाच असतो: आपण हातात घेतल्यापासून पुराव्यात काहीही बदललं नाही हे दाखवणं, आणि पुरावा जेवढं सांगतो त्याच्या पुढे एक शब्दही न लिहिणं.

पहिली अडचण जप्तीच्या क्षणीच येते. फोन चालू ठेवायचा की बंद करायचा? चालू ठेवला तर दुसरीकडे बसलेला माणूस इंटरनेटवरून आज्ञा पाठवून तो कोरा करू शकतो. बंद केला तर वेगळंच नुकसान. आजच्या फोनमधली माहिती कूटबद्ध असते. फोन सुरू करून मालकाने एकदा पिन टाकला की कूट उलगडणाऱ्या बऱ्याच किल्ल्या स्मृतीत येऊन बसतात आणि फोन बंद होईपर्यंत तिथेच राहतात. पडदा कुलूपबंद असला तरी अशा फोनमधून पुष्कळ काही मिळण्याची शक्यता असते. एकदा बंद झाला की किल्ल्या गेल्या. म्हणून चालू फोन फॅराडे पिशवीत टाकतात. धातूच्या आवरणामुळे बाहेरच्या विजेचा प्रभाव आत शिरत नाही, हे मायकेल फॅराडेने 1836 मध्ये दाखवलं होतं. रेडिओ लहरीही याच तत्त्वावर अडतात. पण टॉवर सापडेना म्हटल्यावर फोन आणखी जोर लावून तो शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून पिशवीत पॉवर बँकही ठेवावी लागते. त्यात आता नवी भर पडली आहे. बराच काळ न उघडलेला फोन स्वतःहून रीस्टार्ट होण्याची सोय 2024 मध्ये आयफोनमध्ये आणि 2025 मध्ये अँड्रॉइडमध्ये आली. अँड्रॉइडमध्ये ही मुदत तीन दिवसांची आहे. चोरीला गेलेल्या फोनसाठी ही सोय उत्तमच. तपासाला मात्र तेवढेच तीन दिवस मिळतात, आणि त्यात पंचनामा, पत्रव्यवहार, नाशिकचा प्रवास आणि तिथली रांग हे सगळं बसवायचं असतं.

प्रयोगशाळेत फोन पोहोचला की आधी सील तपासतात, मग आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पोलिसांच्या पत्राशी ताडून पाहतात. त्यानंतर प्रत काढायची. मूळ वस्तूवर कधीच काम करायचं नाही, हा या शास्त्राचा पहिला नियम. हार्ड डिस्क असेल तर ती राइट ब्लॉकर नावाच्या उपकरणातून जोडतात. ते वाचण्याच्या आज्ञा पुढे जाऊ देतं, लिहिण्याच्या अडवतं. डिस्कची बिट न् बिट प्रत निघते आणि मूळ व प्रत दोन्हींचं हॅश काढलं जातं. हॅश हे एक गणिती सूत्र आहे. त्यात एक ओळ घाला नाहीतर अख्खी डिस्क घाला, बाहेर ठरावीक लांबीचीच संख्या येते. एसएचए-256 या सूत्रातून 64 चिन्हांची ओळ मिळते. दोन टीबीच्या डिस्कमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ही ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते. एकूण शक्यता इतक्या, की त्यांची संख्या लिहायला 78 अंक लागतात. दोन वेगळ्या फायलींची ओळ योगायोगाने सारखी निघेल ही भीती व्यवहारात उरत नाही. मुद्दाम जुळवून आणण्याची गोष्ट निराळी: एमडी5 या जुन्या सूत्राचा तसा भंग 2004 मध्ये झाला, एसएचए-1 चा 2017 मध्ये. त्यामुळे फक्त एमडी5 लिहिलेला अहवाल आज कुणी देऊ नये, असं माझं मत.

फोनच्या बाबतीत मात्र एक कबुली द्यावी लागते, आणि चांगला तज्ज्ञ ती अहवालातच देतो. फोनला हार्ड डिस्कसारखा राइट ब्लॉकर लावता येत नाही. माहिती काढण्यासाठी तो सुरू करावा लागतो, आणि सुरू झालेला फोन स्वतःच शंभर ठिकाणी नोंदी करत सुटतो. त्यामुळे इथे हॅश निघतं ते काढलेल्या प्रतीचं. त्याआधी फोनमध्ये काय हललं याचा हिशेब तज्ज्ञाच्या टिपणवहीत असावा लागतो.

आता पुसलेल्या मेसेजचं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की तिची फक्त नोंद जाते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतातली कपाशी काही उपटली जात नाही, तसंच. नवी फाइल त्याच जागेवर लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून असतो आणि सुरुवातीच्या-शेवटच्या खुणांवरून शोधता येतो. जेपीईजी फोटोची सुरुवात नेहमी ठरावीक बाइट्सनी होते आणि शेवटही ठरावीक दोन बाइट्सनी. मधलं उचलायचं.

पण ही गोष्ट एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या नव्या डिस्कला) आणि मोबाइलला जशीच्या तशी लागू नाही. तिथे फ्लॅश मेमरी असते. तिच्यात लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी मोठा गठ्ठाच्या गठ्ठा पुसावा लागतो. म्हणून ‘ही जागा आता नको’ असं कळताच आतला नियंत्रक फावल्या वेळात ती साफ करून ठेवतो. त्यावर कूटबद्धता. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनना ती सक्तीची झाली. पूर्वी मेमरी चिप काढून थेट वाचता येई. आता तसं केलं तर हाती अर्थहीन आकडे लागतात. गंमत अशी की ज्याच्या कमरेला साधा बटणाचा फोन आहे, त्याचे एसएमएस अजूनही सहज मिळतात.

मग दलालाच्या फोनमधले मेसेज गेलेच म्हणायचे का? तसंही नाही. व्हॉट्सअ‍ॅप आपले मेसेज एसक्यूलाइट प्रकारच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. त्यातली ओळ पुसली तरी तिचं पान कधीकधी रिकामं म्हणून तसंच राहतं, किंवा शेजारच्या तात्पुरत्या फायलीत तिची प्रत उरते. त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे 2 वाजता फोनमध्येच बॅकअप घेतं आणि साधारण मागच्या सात दिवसांचे ठेवतं. सोमवारी आलेला मेसेज गुरुवारी पुसला असेल, तर मधल्या पहाटेच्या बॅकअपमध्ये तो असू शकतो. सकाळी आला आणि त्याच संध्याकाळी पुसला असेल, तर कोणत्याच बॅकअपने तो पाहिलेला नाही. शिवाय संभाषणाला दुसरं टोक असतंच. केळीवाल्याच्या फोनमध्ये तेच मेसेज जसेच्या तसे असतील, तर अर्धं काम झालं. फिर्यादी लोक चिडून सगळं डिलीट करतात आणि स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात येतात, ते करू नये.

खानदेशात आणखी एक शत्रू आहे: ऊन. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेले इलेक्ट्रॉन. ते हळूहळू गळतात, आणि तापमान वाढलं की जास्त वेगाने. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा अशी, की लिहिण्याची मर्यादा संपत आलेल्या साध्या एसएसडीने वीज नसताना 30 अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती धरून ठेवावी. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या मुद्देमाल कक्षात दोन-तीन उन्हाळे काढलेला घासून वापरलेला पेनड्राइव्ह न्यायालयात नीट उघडेलच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कागद आणि कोयता ठेवायची ती खोली, फ्लॅश मेमरीसाठी नाही. लाखेची मोहोर शाबूत असते आणि आतली माहिती गळालेली, असं होऊ शकतं.

माहिती हाती आली की शोध सुरू होतो, आणि इथे मराठी आपला इंगा दाखवते. 128 जीबीच्या फोनमध्ये लाखांनी फायली असतात, त्या एकेक उघडून कुणी पाहत नाही. शब्द देऊन शोधतात. आता ‘व्यापाऱ्याला’ हा साधा शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, किमान तीन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्यासह (अक्षराखालच्या टिंबासह) तयार ‘ऱ’ घेऊन, साधा ‘र’ आणि नुक्ता वेगवेगळे टाकून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर तिन्ही जवळपास सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द. सॉफ्टवेअरने आधी त्यांना एका साच्यात आणलं नसेल तर एक सापडतो, दोन निसटतात. दुसरी कटकट जुन्या फॉन्टची. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव यांत टाइप केलेली पत्रं, बिलं, करारनामे अजून ढिगाने आहेत. त्यांत दिसतं मराठी, पण साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यावर युनिकोडमध्ये ‘केळी’ शोधलं तर शून्य उत्तरं, आणि अहवालात ‘संबंधित मजकूर आढळला नाही’.

त्यातून संभाषण अहिराणीत असेल आणि रोमन अक्षरांत टाइप केलेलं असेल तर विचारू नका. एकच माणूस एकच शब्द तीन तऱ्हेने लिहितो. अहिराणीतलं ‘शे’ रोमन लिपीत गेलं की इंग्रजी सर्वनामासारखं दिसतं, आणि शोधसूची बनवताना असे बारके शब्द गाळायची पद्धत असते. परदेशी बनावटीच्या महागड्या सॉफ्टवेअरला धरणगावची बोली कळत नाही. तिथे ती बोली घरी बोलणारा वैज्ञानिक सहायकच उपयोगी पडतो.

वेळेचं प्रकरण याहून नाजूक. फोनमध्ये ‘दुपारी सव्वातीन’ असं काही लिहिलेलं नसतं. 1 जानेवारी 1970 च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, तो आकडा असतो. व्हॉट्सअ‍ॅप तर मिलिसेकंदांत मोजतं. अ‍ॅपलच्या काही नोंदी 1 जानेवारी 2001 पासून मोजल्या जातात, विंडोजच्या 1 जानेवारी 1601 पासून. आरंभबिंदू चुकला की किमान 31 वर्षांची तफावत पडते, पण ती निदान कुणाच्याही डोळ्यांत भरते. खरा धोका साडेपाच तासांचा. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या 19800 सेकंद पुढे आहे. जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 रोजी लागू झाली. आपल्याकडच्या त्या मध्यरात्रीचा आकडा 1719772200. त्यानंतर दहा मिनिटांनी पाठवलेला धमकीचा मेसेज ग्रीनिचच्या घड्याळात 30 जूनच्या संध्याकाळी 6.40 चा ठरतो. ज्याने हे रूपांतर केलं नाही, त्याच्या अहवालानुसार गुन्हा जुन्या दंडविधानाखाली जाईल.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राला, तर बहुतेक वेळा इंटरनेटही नसतं. त्याचं घड्याळ महिनोन्महिने आपल्या मर्जीने चालतं. आतली छोटी बॅटरी मेली असेल तर वीज जाऊन आल्यावर ते काही मॉडेलमध्ये थेट 2000 सालात पोहोचतं. म्हणून जप्तीच्या वेळी डीव्हीआरचा पडदा आणि खरी वेळ शेजारी-शेजारी नोंदवायची असते. दोन मिनिटांचं काम, आणि नंतर कोणत्याही उपकरणाने भरून निघत नाही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, नागरिक सुरक्षा संहितेने, जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. निदान त्यात तरी घड्याळ यावं.

टॉवर लोकेशनबद्दल थोडक्यात. ते फोनमधून नाही, मोबाइल कंपनीकडून येतं, आणि बातम्यांत वाटतं तेवढं नेमकं नसतं. फोन जवळच्या टॉवरला जोडला जातो असं नाही, ज्याचा सिग्नल चांगला मिळतो त्याला जोडला जातो. धडगाव-तोरणमाळकडच्या सातपुड्याच्या धारेवर उभं राहिलं की दरीतला जवळचा टॉवर आड येतो आणि मध्य प्रदेश किंवा गुजरातचा दूरचा लागू शकतो. जुन्या जीएसएम मोबाइल तंत्रात फोन आणि टॉवरमधल्या अंतराची मर्यादाच 35 किलोमीटर होती. नोंदीत दुसऱ्या राज्याचा टॉवर आहे, म्हणून माणूस सीमा ओलांडून गेला होता असं होत नाही.

शेवटी न्यायालय. डिजिटल पुरावा ग्राह्य धरण्याची महत्त्वाची चौकट आपल्या शेजारच्या जालन्यातल्या प्रकरणातून पक्की झाली. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी 3 च्या मुदतीनंतर दाखल झाला का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं, आणि ती प्रत कोणत्या यंत्रातून, कशी निघाली हे सांगणारं चित्रीकरणासोबतचं प्रमाणपत्र मागूनही मिळालं नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रमाणपत्र आवश्यकच आहे. पण पक्षकाराने शक्य ते सगळं करूनही संबंधित अधिकारी ते देत नसतील, तर त्याचं खापर पक्षकारावर फोडता येणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आता या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश लिहायचं असतं.

सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल त्याला न बोलावताही वाचता येतो, पण समन्स निघालं की उभं राहावं लागतं. बचाव पक्षाचे वकील सील आणि हॅशबद्दल विचारतात, त्याची उत्तरं कागदावर असतात. मग येतो ठरलेला प्रश्न: हा मेसेज माझ्या अशिलानेच टाइप केला, हे तुम्ही सांगू शकता का? तज्ज्ञाचं उत्तर ‘नाही’. या फोनवरून, या खात्यातून, या वेळी तो गेला, एवढंच तो सांगू शकतो. माणसापर्यंतचा दुवा तपास अधिकाऱ्याने जोडायचा असतो. मेसेजच्या दोन मिनिटं आधी त्याच फोनवरून फैजपूरच्या एखाद्या पेट्रोल पंपावर यूपीआयने पैसे दिले गेले असतील आणि पंपाच्या कॅमेऱ्यात दलालाचा चेहरा असेल, तर तो जुळतो. अर्थात पंपाच्या डीव्हीआरचं घड्याळ त्या दिवशी किती मागे होतं, हे पंचनाम्यात कुणी लिहून ठेवलं असेल तर.