महागडा व्हीआर हेडसेट आणि डोळ्यांची ओढाताण

"स्वस्तातल्या हेडसेटने डोळे दुखतात, महागडा घेतला की दुखत नाहीत" हे इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता यावर सविस्तर लिहायलाच हवं. (व्हीआर हेडसेट म्हणजे डोळ्यांवर चष्म्यासारखा चढवायचा, आभासी जग दाखवणारा पडदा.) ॲपलचा व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विकायला आला, त्याच्या काही महिने आधी मेटाचा क्वेस्ट ३ आला होता ४९९ डॉलरला. सातपट फरक! एवढ्या पैशात नक्की काय जास्त मिळतं आणि काय मिळत नाही हे कळायला डोळा कसा चालतो ते थोडं बघावं लागेल.

आधी काय मिळतं ते. व्हिजन प्रोच्या दोन्ही पडद्यांवर मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल आहेत, क्वेस्ट ३ मध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून साधारण ९१ लाख, त्यामुळे अक्षरं खरंच जास्त रेखीव दिसतात. तरी चांगल्या नजरेला दृश्याच्या एका अंशात ६० पिक्सेल लागतात, म्हणजे १०० अंशांचं दृश्य दाखवायचं तर एकेका डोळ्यासाठी ६००० गुणिले ६००० झाले, ३ कोटी ६० लाख, तिथे अजून कोणीच पोचलेलं नाहीये. शिवाय तुमची नजर कुठे आहे ते ओळखणारे कॅमेरे मिळतात, आणि बाहेरचं दृश्य कॅमेऱ्यातून पडद्यावर यायला फक्त १२ मिलिसेकंद लागतात असं ॲपल सांगतं. हा वेग महत्त्वाचा आहे, कारण मान वळवली आणि चित्र मागे राहिलं की कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो, डोळे दुसरंच सांगतात आणि मळमळायला लागतं. इथे जास्तीचे पैसे कामी येतात, हे मान्य.

आता डोळ्यांच्या थकव्याकडे येऊ. बरेच जण म्हणतात पडदा डोळ्याला इतका चिकटलेला असतो म्हणून त्रास होतो. तसं नाहीये. मध्ये भिंग असतं आणि पडदा त्या भिंगाच्या नाभीच्या जरासा आत असतो, त्यामुळे शाळेत शिकलो तशी आभासी प्रतिमा तयार होते, बऱ्याच हेडसेटमध्ये ती एक ते दोन मीटर लांब असते. डोळ्याच्या दृष्टीने तुम्ही एक-दोन मीटर लांब ठेवलेलं काहीतरी बघताय.

खरी गंमत इथून पुढे आहे आणि मला हा भाग फार आवडतो. जवळची वस्तू बघताना डोळे दोन वेगळी कामं करतात. एक म्हणजे दोन्ही बुबुळं नाकाकडे वळतात, म्हणजे दोन्ही नजरा त्या वस्तूवर जुळतात. दुसरं म्हणजे डोळ्यातलं भिंग सिलिअरी स्नायूंमुळे फुगीर होतं, म्हणजे प्रतिमा दृष्टिपटलावर स्पष्ट पडते, यालाच दहावीच्या पुस्तकात समायोजन म्हटलंय. मेंदूत ही दोन कामं एकमेकांना जोडलेली आहेत, एक सुरू झालं की दुसरं आपोआप सुरू होतं. आत्ताच करून बघा, बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि बोटाकडेच बघत राहा, मागची भिंत एकाच वेळी दुहेरी आणि अंधूक होते. दुहेरी होते कारण नजरा बोटावर जुळल्यात, अंधूक होते कारण भिंग बोटासाठी फुगलंय.

हेडसेटमध्ये ही जोडी तुटते. डाव्या आणि उजव्या डोळ्याला जराशी वेगळी चित्रं दाखवली की वस्तू किती जवळ-लांब आहे ते जाणवतं, हे चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्येच दाखवलं होतं आणि आजचा सगळ्यात महाग हेडसेटसुद्धा तेच करतो. समजा त्यात एक फुलपाखरू तुमच्यापासून ३० सेंटिमीटरवर आलं. दोन बुबुळांमधलं अंतर साधारण ६३ मिलिमीटर धरलं तर दोन्ही नजरांमध्ये १२ अंशांचा कोन व्हायला हवा, आणि डोळे तेवढे वळतातही. पण प्रकाश येतोय २ मीटरवरच्या आभासी प्रतिमेतून, तिथे तोच कोन जेमतेम १.८ अंश असता. डायॉप्टरमध्ये (चष्म्याचा नंबर ज्यात सांगतात ते एकक, म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर) मांडायचं तर ३० सेंटिमीटरसाठी भिंगाला ३.३ डायॉप्टरचं समायोजन लागतं, २ मीटरसाठी फक्त ०.५, म्हणजे वळणं ३.३ चं आणि फुगणं ०.५ चं अशी २.८ डायॉप्टरची तफावत पडते, आणि जन्मभर जोडीने काम केलेल्या दोन यंत्रणांना मेंदू जबरदस्तीने वेगळं ठेवत बसतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोगातून दाखवलं की या तफावतीमुळे दोन चित्रं एकत्र जुळायला वेळ जास्त लागतो आणि डोळे थकतात.

पिक्सेल दुप्पट केले तरी ही तफावत एका दशांशानेही कमी होत नाही! मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ साडेतीन हजार डॉलरचा होता, त्यातही प्रतिमा २ मीटरवर ठरलेली, आणि ॲप बनवणाऱ्यांना कंपनीच सांगत होती की वस्तू शक्यतो सव्वा ते पाच मीटरच्या दरम्यान ठेवा. मॅजिक लीप या कंपनीने २०१८ मध्ये २,२९५ डॉलरच्या यंत्रात प्रतिमेला दोन वेगळी अंतरं देऊन बघितली. फेसबुकने (म्हणजे आताच्या मेटाने) हाफ डोम नावाचे नमुने केले, त्यातल्या सुरुवातीच्या नमुन्यांत नजर कुठे जातेय ते ओळखून पडदाच आतल्या आत पुढेमागे सरकायचा, पण ते प्रयोगशाळेतच राहिले.

चाळीशी लागलेल्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. त्यांचं भिंग कडक झाल्यामुळे फारसं फुगतच नाही, त्यामुळे ही ओढाताण त्यांना कमी जाणवू शकते, आणि ज्यांना लांबचा नंबर नाही त्यातल्या बऱ्याच जणांना हेडसेटमध्ये वाचायचा चष्माही लागत नाही.

याच विषयाच्या आडून "व्हीआरमध्ये डोळ्यांचे व्यायाम करा, चष्मा घालवा" असे दावेही विकले जातात, त्यांच्या नादाला लागू नका. लांबचं अंधूक दिसण्याच्या दोषात (निकटदृष्टिता) बहुतेकदा डोळ्याचा गोळाच लांबट झालेला असतो, तो व्यायामाने आखूड होत नाही. आळशी डोळ्याच्या (एका डोळ्याची नजर मेंदू नीट वापरत नाही, त्या दोषाच्या) उपचारासाठी हेडसेट वापरतात हे खरं, २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी तशा एका उपचाराला परवानगी दिली, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि वेगळ्याच दोषासाठी.

मग घ्यावा का? मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचाय, लांब मांडलेल्या खिडक्यांवर काम करायचंय, अक्षरं बारीक आहेत, तर महागड्यात फरक दिसेल, कारण ते सगळं दीड-दोन मीटरवरच असतं आणि तिथे तफावत जवळजवळ नसते. फक्त खेळायचं असेल तर सातपट पैसे देण्यासारखं मला त्यात काही दिसत नाही. आणि हातात धरून बारकाईने बघायच्या गोष्टी, शरीररचनेचा अभ्यास, यंत्राचे सुटे भाग, यासाठी घेणार असाल तर आधी कुठेतरी सलग अर्धा तास वापरून बघा आणि मुद्दाम वस्तू चेहऱ्याजवळ आणून बघा, पाच मिनिटांच्या डेमोत सगळं लांब ठेवलेलं असलं तर हा त्रास कळणारच नाही.