स्क्रॅच डिस्क

स्क्रॅच डिस्क : चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरने आपल्या कच्च्या कामासाठी हार्ड डिस्कवर घेतलेली तात्पुरती जागा. उघडलेले चित्र, त्याचे लेयर (एकावर एक रचलेले थर) आणि ‘अनडू’साठी (केलेला बदल मागे घेण्यासाठी) जपून ठेवलेल्या मागच्या अवस्था रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीत, मावेनाशा झाल्या, की उरलेला माल इथे लिहिला जातो. हे नाव ॲडोबी फोटोशॉपमुळे रूढ झाले. गिंप आणि कोरलड्रॉ या चित्रकामाच्या इतर प्रोग्रॅममध्ये हीच सोय ‘स्वॅप’ या नावाने आहे. जुन्या संगणकावर दोन-चार तास डिझाइनचे काम केले, की सी ड्राइव्हची पट्टी लाल होते आणि ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ असा संदेश येऊन काम अडते. त्याचे मूळ बहुतेक वेळा या जागेत असते.

दोष सहसा भलत्याच गोष्टीला दिला जातो. सॉफ्टवेअरच जड आहे असे समजून लोक ते काढून पुन्हा टाकतात, गाणी आणि फोटो उडवतात, शेवटी फॉरमॅट मारतात. वास्तविक जुन्या आवृत्त्या आजच्या मानाने हलक्या होत्या. २००२ च्या फोटोशॉप ७.० ला विंडोजवर बसायला २८० एमबी जागा पुरत असे, २०१२ च्या सीएस६ ला सुमारे १ जीबी. जागा खाल्ली जाते ती काम चालू असताना, आणि सेव्ह केलेल्या फाइलच्या आकारावरून तिचा अंदाज येत नाही.

जेपीईजी फाइल डिस्कवर दाबून ठेवलेली असते. ती उघडली की चित्रातला प्रत्येक पिक्सेल, म्हणजे ठिपका, सुटा होतो. ए-४ आकाराचे, ३०० पीपीआयचे (दर इंचाला ३०० पिक्सेलचे) पान म्हणजे २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. आरजीबीमध्ये (पडद्याच्या तीन रंगांत) प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात, म्हणून हे पान उघडताच २६ एमबी घेते. छपाईसाठी सीएमवायकेमध्ये (शाईच्या चार रंगांत) नेले की ३५ एमबी. दर रंगाला नेहमीच्या ८ ऐवजी १६ बिट घेऊन काम केले तर आकडा दुप्पट. चित्रभर पसरलेला प्रत्येक नवा लेयर जवळपास तेवढीच भर घालतो. शिवाय झूम कमी केल्यावर चित्र चटकन दिसावे म्हणून फोटोशॉप त्याच्या लहान-लहान प्रतीही तयार ठेवतो.

महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानात हे गणित फ्लेक्सच्या कामात ठळकपणे दिसते. १० बाय ६ फुटांचा फलक ७२ पीपीआयवर केला तर तो ८,६४० गुणिले ५,१८४ पिक्सेलचा होतो आणि सीएमवायकेमध्ये एका थराला सुमारे १७९ एमबी लागतात. मागच्या लग्नपत्रिकेच्या कामातून रिझोल्यूशनच्या चौकटीत ३०० तसेच राहिले असेल, तर त्याच फलकाचे माप ३६,००० गुणिले २१,६०० पिक्सेल होते आणि नुसता रिकामा पांढरा थरच ३ जीबीच्या वर जातो. इतके रुंद चित्र फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलमध्ये सेव्हही होत नाही, कारण तिची मर्यादा ३०,००० पिक्सेलची आहे. रस्त्यावरून लांबून पाहायच्या फलकाला ७२ पीपीआय पुरते. त्यामुळे नवी फाइल घेताना किंवा क्रॉप करताना ही एक चौकट पाहिली, तरी डिस्क भरण्याची बरीच प्रकरणे तिथेच मिटावीत.

जागा खाण्यात मोठा वाटा मागच्या पायऱ्यांचाही असतो. ‘हिस्टरी’ची सोय फोटोशॉप ५.० मध्ये, १९९८ साली आली. जुन्या आवृत्त्यांत मुळात २० अवस्था जपल्या जातात, अलीकडच्या आवृत्त्यांत ५०. मात्र दर पायरीला अख्ख्या चित्राची नक्कल होत नाही. चित्र आतून लहान-लहान चौकोनांत विभागलेले असते आणि जे चौकोन बदलले त्यांचीच जुनी प्रत ठेवली जाते. ब्रशने चेहऱ्यावरचा एक डाग पुसला तर मोजकेच चौकोन बदलतात, खर्च नगण्य. पण पूर्ण चित्रावर ब्लर दिला, शार्पन केले किंवा रंग बदलले, की एकूण एक चौकोन बदलतो आणि पूर्ण प्रत साठते. वरच्या ७२ पीपीआयच्या फलकावर असे २० फेरफार केले तर फक्त मागे जाण्याच्या सोयीसाठी साडेतीन जीबी खर्ची पडतात. आणखी स्नॅपशॉट (हाताने जपून ठेवलेल्या अवस्था) घेतले असतील तर त्यांची भर वेगळी.

संगणकाची स्वतःची आभासी मेमरी (रॅम अपुरी पडली की डिस्कचाच मेमरीसारखा वापर) असताना सॉफ्टवेअरने वेगळी व्यवस्था का ठेवावी? याचे उत्तर फोटोशॉपच्या जन्मकाळात आहे. थॉमस आणि जॉन नोल या भावांचा हा प्रोग्रॅम फेब्रुवारी १९९० मध्ये फक्त ॲपलच्या मॅकिंटॉश (मॅक) संगणकासाठी बाजारात आला, आणि मॅकच्या प्रणालीत आभासी मेमरी आली ती १९९१ च्या सिस्टिम ७ बरोबर. तोवर रॅमपेक्षा मोठे चित्र हाताळायचे तर डिस्कवरची देवघेव प्रोग्रॅमलाच करावी लागे. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१३ मध्ये १.०.१ आवृत्तीचा सोर्स कोड खुला केला. त्यात आभासी मेमरीचा स्वतंत्र विभाग आहे. पुढे प्रणाली सुधारल्या तरी ही व्यवस्था टिकली, आणि ते योग्यच झाले: चित्राचा कोणता चौकोन लगेच लागणार आणि कोणता बाजूला टाकता येईल, हे प्रोग्रॅमला प्रणालीपेक्षा चांगले ठाऊक असते.

जुन्या संगणकावर हा भार वाढण्याचे कारण रॅम. ३२ बिटच्या विंडोजवर एका प्रोग्रॅमला साधारणपणे २ जीबीच मेमरी वापरता येते, आणि अशा कित्येक संगणकांत मुळात रॅमच १ किंवा २ जीबी असते. ६४ बिटचा फोटोशॉप विंडोजवर सीएस४ पासून, २००८ मध्ये आला, तर मॅकवर सीएस५ पासून, २०१० मध्ये. १६ जीबी रॅमच्या यंत्रावर जे काम बरेचसे मेमरीतच उरकते, ते २ जीबीच्या यंत्रावर डिस्कवर उतरते. खिडकीच्या तळाशी ‘इफिशियन्सी’चा आकडा दिसेल अशी सोय फोटोशॉपमध्ये आहे. तो १०० टक्क्यांखाली आला, की डिस्कचा वापर सुरू झाला असे समजावे. आकडा सारखा खाली राहत असेल तर डिस्क साफ करत बसण्यापेक्षा रॅम वाढवणे जास्त उपयोगाचे.

त्याच सी ड्राइव्हवर विंडोजची पेजफाइल (आभासी मेमरीची फाइल) आणि हायबरनेशनची (बंद करताना मेमरी जपून ठेवण्याची) फाइलही असते, त्यामुळे एकाच जागेवर तिघांचा हक्क येतो. म्हणून प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क डी किंवा ई ड्राइव्हवर नेतात. जागेचा प्रश्न त्याने सुटतो, वेगाचा सुटत नाही. सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे भाग असतील तर तिचे वाचण्या-लिहिण्याचे हेड दोन्हीकडे धावत राहते. दुसरी स्वतंत्र डिस्क, शक्यतो एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), लावली तरच फरक जाणवतो. सी भरल्यामुळे फोटोशॉप उघडतच नसेल, तर विंडोजवर तो सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरावे. ड्राइव्ह निवडण्याची खिडकी आधी येते.

प्रोग्रॅम रीतसर बंद केला की स्क्रॅचची फाइल पुसली जाते. नुसते चित्र बंद केल्याने जागा लगेच परत मिळेलच असे नाही. वीज गेली किंवा संगणक हँग झाला तर मात्र फाइल तशीच पडून राहते. यूपीएस नसलेल्या, भारनियमनाच्या गावातल्या दुकानांत अशा अनाथ फाइलींनी कित्येक जीबी अडवलेले आढळू शकतात. त्यांचे नाव ‘फोटोशॉप टेम्प’ने सुरू होते, पुढे आकडे असतात. टेम्प फोल्डरमध्ये किंवा निवडलेल्या ड्राइव्हच्या मुळाशी, कोणत्याही फोल्डरबाहेर, त्या सापडतात. फोटोशॉप बंद असताना त्या निर्धास्तपणे काढून टाकाव्यात.

कोरलड्रॉच्या ‘बॅकअप_ऑफ’ नावाच्या फाइलींची गोष्ट निराळी. त्या स्क्रॅचमध्ये मोडत नाहीत. जुने काम पुन्हा सेव्ह करताना कोरल आधीची आवृत्ती त्या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. मूळ सीडीआर फाइल खराब झाली तर तीच उपयोगी पडते. म्हणून मूळ फाइल उघडून, ती धड आहे याची खात्री करूनच बॅकअप काढावा.