क्लेओस

प्राचीन ग्रीक महाकाव्यांतील वीराने पराक्रमाने मिळवलेली आणि गायकांच्या मुखाने टिकून राहिलेली कीर्ती. या शब्दाच्या मुळाशी ‘ऐकणे’ हा अर्थ आहे. संस्कृत ‘श्रवस्’ आणि मराठीत रुळलेला ‘श्रवण’ हे शब्द त्याच कुळातले. होमरच्या ट्रॉययुद्धावरील ‘इलियड’ या महाकाव्यातील ‘क्लेओस आफ्थितॉन’ आणि ऋग्वेदातील ‘अक्षित श्रवस्’ या दोन्हींचा अर्थ ‘क्षय न पावणारी कीर्ती’. हे साम्य जर्मन भाषाभ्यासक आडाल्बर्ट कून यांनी १८५३ मध्ये दाखवून दिले.

जे ऐकले जाते तेच क्लेओस, त्यामुळे गाणारा नसेल तर पराक्रम वाया. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात लढाईवर रुसलेला ग्रीक वीर अकिलीस तंबूत वीणेसारख्या वाद्यावर पूर्वीच्या वीरांची कीर्ती गात बसलेला दिसतो.

हयातीतल्या मानाला ‘तिमे’ म्हणत. तो डोळ्यांना दिसे: लुटीतला वाटा, मेजवानीतले मानाचे आसन, मांसाचा उत्तम तुकडा. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याने वाट्याला आलेली ब्रिसेइस ही बंदिवान स्त्री हिरावून घेताच अकिलीस शस्त्र खाली ठेवतो, ते या मानापायी. मानाचे हे माप म्हणजे एक जितेजागते माणूस आहे, हे मात्र कवी विसरत नाही. एकोणिसाव्या सर्गात तो ब्रिसेइसच्या तोंडी विलाप घालतो.

अकिलीसपुढे दोन वाटा असतात. ट्रॉयला लढला तर घरी परतणे नाही, पण अक्षय कीर्ती. परतला तर दीर्घायुष्य, पण कीर्ती नाही. तो पहिली वाट धरतो. पुढे ‘ओडिसी’ या होमरच्या दुसऱ्या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात, मृतांच्या लोकात, तोच म्हणतो की सगळ्या मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी केलेली बरी. वीरमूल्यांवर इतकी परखड टीका बाहेरच्या कोणी क्वचितच केली असेल.

‘ओडिसी’चा नायक ओडिसियस याला मात्र परतणे (‘नोस्तोस’) आणि कीर्ती दोन्ही मिळतात. अमेरिकी पुराणकथा-अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये मांडलेला निघणे, कसोटी आणि परतणे हा वीरप्रवासाचा साचा त्यामुळे त्याला बराचसा बसतो. अकिलीसला तो लावणे ओढूनताणूनच होते.

क्लेओसची ही ओढ नावांतही उतरली. हेराक्लीस या वीराचे नाव म्हणजे ‘हेरा देवीची कीर्ती’, आणि त्याचा जन्मभर छळ केला तो हेरानेच. अकिलीसचा मित्र पात्रोक्लोस म्हणजे ‘पित्याची कीर्ती’. त्याच नावाचे दोन भाग उलटे जोडले की होते क्लिओपात्रा.